नाणेघाट वन डे ट्रेक: घाटाला पैकीच्या पैकी, ग्रुपला दोन स्टार

गेल्या रविवारी नाणेघाट करून आलो. इन्स्टावर जाहिरात बघून बुकिंग केलेलं, माणशी अकराशे, त्यात नाश्ता, जेवण आणि 'इतिहासाची माहिती'. ग्रुपचं नाव घेत नाही, पोरं मनाने वाईट नाहीयेत, पण पैसे भरलेत तर बोलणार.

पावणेसहाची बस कल्याणहून साडेसातला हलली. पोहे गार, शेंगदाणे मोजून तीन. असो. वैशाखऱ्याच्या पुढे हायवेला उतरलो, आधी चिखल, मग जंगल आणि मग जी चढण लागते ना ती संपतच नाही. साठ माणसं, लीडर तीन, त्यातले दोन पुढे पळालेले.

शेवटी दगडी पायऱ्या लागतात. सोपारा, कल्याणला उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवर याच वाटेने जुन्नरला जायचा आणि मी पाठीवर एक सॅक घेऊन दर वीस पायऱ्यांना बूड टेकवत होतो 😅

खरी चिडचिड झाली ती गुहेत. लीडर म्हणाला "पांडवांनी कोरलीये, दहा मिनिटं, फोटो काढा". अरे बाबा, सातवाहनांची आहे ती! भिंतींवर नागनिका राणीचा अख्खा ब्राह्मी लेख आहे, अश्वमेध, राजसूय असे कुठले कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले त्याचा हिशोब, तोही आकड्यांत. शून्य नव्हतं तेव्हा, त्यामुळे शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गायब. त्या पावलांपाशी आमच्यातल्याच कुणीतरी ओला रेनकोट पसरून ठेवलेला. मी उचलला तर माझ्याकडेच बघतायत.

वर जकातीचा रांजण आहे, एकाच दगडातून कोरलेला. त्यात जकातीची नाणी पडायची असं सांगतात, आत डोकावलं तर कुरकुऱ्यांची पाकिटं. ग्रुपचे दोन तास मात्र उलट्या धबधब्यावर गेले. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून पाणी परत वर फेकतो, भारीच दिसतं, तोंडावर सपकन बसतं. पण रीलसाठी दोन तास आणि नागनिकेला दहा मिनिटं?

जेवण घाटघरला एका घरी होतं आणि जे दोन स्टार दिलेत ते त्याचेच. चुलीवरची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, गरम भात. मावशी ताटात तिसरी भाकरी टाकत म्हणाल्या, "घ्या की दादा, अख्खा घाट उतरायचाय अजून". पैसे डायरेक्ट त्यांनाच दिले असते तर बरं वाटलं असतं.

मी पुन्हा जाईन, पण पावसाळ्यातला रविवार टाळून आणि एसटीने. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, वैशाखऱ्याला उतरायचं. फक्त परतीची गाडी हायवेला हात दाखवून थांबेलच असं नाही, सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.