हलकी बॅग: वजन नेमकं कुठून कमी केलंय ते बघा

जूनमध्ये घेतलेल्या बॅगेला आता सात महिने झाले. एवढ्या दिवसांत बेंगळुरूच्या पाच फेऱ्या आणि नागपूरची एक, म्हणजे जाऊन-येऊन बारा उड्डाणं झाली. बॅग घेताना मी खूप शोधाशोध केली होती, पण जे वाचायला मिळालं ते सगळं घेतल्या दिवशी लिहिलेलं होतं. म्हणून मी मुद्दाम थांबून आता लिहिते आहे.

आधी माझी गरज सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. लेक बेंगळुरूला असते. तिचं बाळंतपण झाल्यापासून मी दर महिना-दीड महिन्याने जाते. कपडे चार, बाकी सगळं खाऊचं: डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, घरचं तूप, लिंबाचं लोणचं. तूप आणि लोणचं केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे बॅग चेक-इनला टाकावीच लागते. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी चेक-इनला १५ किलो मिळतात. आमची जुनी बॅग रिकामीच ५.१ किलोची होती. पंधरातले पाच किलो नुसती बॅग खायची! एकदा काउंटरवर काटा सोळाच्या वर गेला आणि मागे रांग उभी असताना मला जमिनीवर बसून लाडवांचा डबा हातातल्या पिशवीत घालावा लागला. त्यातून आम्ही नौपाड्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि माझा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे.

नवी बॅग मधल्या मापाची आहे, कडक कवचाची, पॉलिप्रोपिलिनची. सेलमध्ये ३,४०० रुपयांना पडली. लेबलवर वजन २.९ किलो होतं, घरच्या टांगायच्या काट्यावर ३.१ भरलं. आतला जाळीचा पडदा आणि पट्टे धरून हा फरक असावा. दुकानात जाताना हा काटा पर्समध्ये ठेवा. तीन-चारशे रुपयांना मिळतो आणि दुकानदार हरकत घेत नाही, निदान माझ्याशी कोणी घेतली नाही.

कडक बॅगा तीन प्रकारच्या प्लास्टिकच्या येतात आणि खरा फरक तिथेच आहे. एबीएस स्वस्त असतं, पण जोराचा आपटा बसला की तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट आणि महाग. पॉलिप्रोपिलिन तिघांत सगळ्यात हलकं, पाण्यावर तरंगेल इतकं, आणि दाबलं तर आत जाऊन परत जागेवर येतं. दुकानात झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. मला पहिल्यांदा ते आत गेलेलं बघून धस्सच झालं होतं. पण बारा उड्डाणांनंतर कवचाला एकही चीर नाही. ओरखडे भरपूर आहेत, फक्त पृष्ठभाग बारीक रेघांचा असल्यामुळे ते चटकन दिसत नाहीत. गुळगुळीत चकचकीत बॅग घेतली असती तर दुसऱ्याच फेरीत तिची रया गेली असती.

कापडी बॅग याहूनही हलकी मिळते. माझ्या मैत्रिणीची आहे, २.४ किलोची, बाहेर दोन कप्पे, वर छत्री-चपला कोंबता येतात. नुसते कपडे नेणाऱ्याने खुशाल तीच घ्यावी. मला काचेच्या बरण्यांसाठी कडक कवच हवं होतं. पण पावसाचं म्हणाल तर कडक बॅगही पूर्ण कोरडी राहत नाही. जुलैत बेंगळुरूला पोचले तेव्हा मुंबईतच भिजलेली बॅग उघडली, तर चेनीच्या कडेने साडीचा काठ दमट झाला होता. पाणी कवचातून जात नाही, चेनीतून जातं. तेव्हापासून मी कपडे आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालते.

आता चाकांबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण त्रास झाला तो इथेच.

चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर नुसत्या बोटाने सरकते. खांद्याला इतका आराम की मी पहिल्या दिवशी लेकीला फोन करून सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीतून रिक्षापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, निम्मे उखडलेले. ती बारीक चाकं प्रत्येक फटीत अडकतात. तिथे बॅग तिरकी करून दोन चाकांवर ओढावी लागते आणि सगळा भार मागच्या दोघांवर येतो. ऑक्टोबरच्या फेरीत विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून बॅग उचलली तर मागच्या डाव्या चाकाचा अर्धा तुकडाच गेलेला. मी तशीच ओढत बाहेर आले, ही चूक झाली. काही तुटलेलं दिसलं तर पट्ट्याजवळच, विमानतळ सोडायच्या आधी, एअरलाइनच्या काउंटरवर लेखी नोंद करायला हवी.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे फोन. तीन आठवडे ‘पार्ट मागवलाय’ ऐकलं आणि शेवटी उत्तर आलं की वॉरंटी बनावटीतल्या दोषाला आहे, प्रवासात तुटलेल्या चाकाला नाही. तीन वर्षांची वॉरंटी बघून बॅग निवडली होती, त्याचा मला खरंच राग आला. वॉरंटीच्या कार्डावर चाकं आणि दांडा यांच्याबद्दल काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी वाचा.

शेवटी स्टेशनजवळच्या एका बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने बॅग उलटी मांडीवर घेतली, चाकावर नख मारलं आणि म्हणाला, ‘काकू, कवच चांगलं आहे, ह्याला काही होणार नाही. चाकात वाचवलंय त्यांनी.’ चाक रिव्हेटने ठोकलेलं होतं. त्याने ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवली, पोकळ चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बाटलीच्या बुचाइतकं हलकं. त्याच्या जागी रबराच्या पट्टीचं जोडचाक, म्हणजे शेजारी-शेजारी दोन चाकं असलेलं, नट-बोल्टने बसवलं. एकच बदललं तर बॅग कलते, म्हणून मागची दोन्ही बदलायला लावली. ४५० रुपये घेतले, अर्ध्या तासात काम झालं. झाकणाला कधी भेग पडली तर चिकटवता येईल का, हेही मी विचारलं. तो म्हणाला, ह्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, भेग पडली की आतून पट्टी लावून रिव्हेटच मारावे लागतात.

घरी येऊन काट्याला लावली, १८० ग्रॅम वाढले होते. मी ते आनंदाने दिले. माझं मत आता पक्कं झालंय: हलकेपणा कवचातून आलेला चांगला, चाकातून आणि दांड्यातून आलेला वाईट. दुकानात बॅग उलटी करा. जोडचाकं आहेत का आणि ती स्क्रूने बसवली आहेत का, बघा. दांडा पूर्ण वर काढून हलवा. माझा थोडा डुगडुगतो, पण अजून अडकलेला नाही. त्याला तेल घालू नये, धूळ धरते. मी कोरड्या फडक्याने पुसते.

मापाबद्दल एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. ७५ सेंटीमीटरची मोठी बॅग तिथे राहत नाही, मग ती सीटवर आपल्या शेजारी बसते. माझी ६६ ची टाकीच्या पुढे उभी बरोबर राहते. शिवाय मोठी घेतली की ती भरली जाते आणि पंधरा किलो कधी ओलांडले कळत नाही. वाढवायची चेन माझ्या बॅगेला आहे, ती मी याच कारणासाठी बंद ठेवते.

टीएसए कुलूप, म्हणजे तपासनीसांना त्यांच्या किल्लीने उघडता येणारं, अमेरिकेतल्या तपासणीसाठी असतं, देशातच फिरणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. आणि ही बॅग पुस्तकासारखी दोन बाजूंना उघडते. लेकीच्या खोलीत पाळणा आल्यापासून जमिनीवर तेवढी जागा नाही, पलंगावरच उघडावी लागते. एवढी एक गैरसोय मला आधी सुचली नव्हती.

जानेवारीच्या फेरीत बॅग भरून १४.६ किलो भरली. त्यात अकरा किलोंच्या वर सामान होतं. तीन जिने माझी मीच उतरवली, दर मजल्यावर एकदा टेकवून.