८×४२ : नाथसागरापासून अजिंठ्यापर्यंत एक दुर्बीण

छत्रपती संभाजीनगरमधील एका दुकानातून गेल्या दिवाळीच्या सुमारास मी ८×४२ मापाची दुर्बीण घेतली, ती केवळ जायकवाडीच्या पाखरांसाठी. तिचा निम्मा वापर पुढे वेरूळ-अजिंठ्याची छते पाहण्यात होईल, हे ना दुकानदाराला सुचले होते, ना मला. किंमत दहा हजारांच्या आत होती. पुढे काही तक्रारी येणार असल्याने कंपनीचे नाव लिहीत नाही; या किमतीतील बहुतेक दुर्बिणींची घडण सारखीच असते.

दुकानदाराचा आग्रह १०×४२ साठी होता. दहापट मोठे दिसते हे खरे, पण हाताची थरथरही दहापट दिसते, आणि शिवाय प्रकाशाचा हिशेब वेगळाच असतो. पहिला आकडा किती पट दिसते ते सांगतो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. माझ्या दुर्बिणीत तो ५.२५ मिमी, दहापटीच्या दुर्बिणीत ४.२ मिमी आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये जेमतेम २.६ मिमी येतो. उन्हात हा फरक जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुलीच तेव्हा आकसलेली असते. अंधारात मात्र ती रुंदावते आणि झोत अपुरा पडला की चित्र काळवंडते.

जायकवाडी धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर; तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरले की काठच्या गाळपेऱ्यात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या पिकांत, हिवाळ्यात पट्टकादंब हे हंसाच्या जातीचे पक्षी चरायला उतरतात. नुसत्या डोळ्यांना ते राखाडी ठिपके वाटतात, पण दुर्बिणीतून पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्पष्ट मोजता आले, आणि हिमालय ओलांडून आलेला हा पाहुणा हरभऱ्याच्या रोपाला किती सावकाश मान वाकवतो, तेही पाहता आले. गंगापूरच्या वाटेवर शाळूच्या रानावर भोरड्या पाखरांचा थवा वळसे घेत होता. तो टिपण्यात मी गुंग असताना गोफण हातात घेतलेल्या शेतकऱ्याने विचारले, “ह्याच्यातून बघून कणसं वाचतेत का, सर?” उत्तर माझ्यापाशी नव्हते.

जवळचे पाहण्यासाठीही हे उपकरण बरे आहे, कारण अगदी दोन मीटरवरचेही ते स्पष्ट दाखवते. एप्रिलमध्ये माळावरच्या दगडावर चढून गळ्याखालचा निळा-नारिंगी पडदा उघडझाप करणारा सरडा मी त्याला न हुसकवता चांगला दहा मिनिटे पाहिला. त्याहून जवळच्या पानाफुलांसाठी मात्र साधे भिंगच हवे.

खरी कसोटी लेण्यांत लागली. वेरूळचे कैलास लेणे खाली अंगणातून पाहण्याची रीत आहे, पण वरच्या कड्याच्या वाटेवरून मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दुर्बिणीत घेतले, तेव्हा त्यांच्या आयाळींची वळणे वेगवेगळी दिसू लागली. या लेण्याला ‘रंगमहाल’ का म्हणत असावेत, तेही गिलाव्याचे उरलेले तुकडे आणि त्यांवरचा रंग शोधताना उमगले. अजिंठ्यात पहिल्या लेण्यातील एका डोक्याचे चार हरिण पाहायला सगळे थांबतात, आणि त्याच लेण्याच्या छतावरील चौकटींतली फुले, फळे व प्राणी मान दुखते म्हणून तसेच राहतात. मंद दिव्याखाली माझ्या दुर्बिणीने त्या चौकटी नीट दाखवल्या, तर सोबतच्या मित्राची खिशातली दुर्बीण तिथे निरुपयोगी ठरली. दुसऱ्या लेण्याच्या छतावर वर्तुळात फिरणाऱ्या हंसांची माळ आहे. कोणी मान मागे वळवलेली, कोणी पंख उचललेले; गाळपेऱ्यातले पट्टकादंब नुकतेच पाहून आल्यामुळे ते चित्र काढणाऱ्याने पाखरे किती जवळून पाहिली असतील, हे मला तिथे कळले. तिथे फ्लॅश वापरण्यास मनाई असल्याने छायाचित्रांपेक्षा हा मार्ग अधिक सोयीचा आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

आता दोष. चष्मा लावून पाहताना कडेचा भाग कापला जातो, कारण नेत्रभिंगापासून डोळा दूर राहतो. म्हणून चष्मेवाल्यांनी दुकानाबाहेर उभे राहून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवण्याची कडी इतकी सैल आहे की पिशवीत फिरून ती रोज नव्याने लावावी लागते. पाचव्या महिन्यात एका नेत्रभिंगाचे रबर निखळले. दुरुस्ती केंद्राने ते हमीत बसवून दिले खरे, पण पाठवण्याचा खर्च माझ्याकडून घेतला आणि सात आठवडे लावले, त्यामुळे उन्हाळ्याची अर्धी सुटी दुर्बिणीविना गेली. सोबत आलेला पट्टा अरुंद असून तासाभरात मानेत रुततो. तो काढून बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून शाळेच्या जुन्या दप्तराचा रुंद पट्टा चाळीस रुपयांत शिवून घेतला आहे.