गाडी बसली नव्हती, बसवली होती

दहा वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही सेकंडहँड घेतली तेव्हा आमचे मेहुणे म्हणाले होते, "हत्ती घेतलास, आता चाऱ्याचं बघ." चाऱ्याची तयारी होती. माहूत लबाड निघेल असं वाटलं नव्हतं.

जुलैत पुण्यात पुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. जोडीला हेडलाइट लेव्हलिंगचाही. गाडी मात्र चारही चाकांवर सरळ उभी होती. तिथेच मला शंका यायला हवी होती.

एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. स्कॅनरवर आलं: पुढचा डावा लेव्हल सेन्सर (गाडीची उंची मोजणारा), ओपन सर्किट, म्हणजे जोडणी कुठेतरी तुटलेली. मी स्क्रीनचा फोटोही काढला. तिथला ॲडव्हायझर म्हणाला, "सर, कोडवर जाऊ नका. बलून लीक आहे, म्हणून सेन्सर बोंबलतोय." बलून म्हणजे स्प्रिंगच्या जागी असतो तो हवेचा रबरी फुगा. संध्याकाळी फोन आला, "येऊन बघा." गेलो तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला, चाक मडगार्डात शिरलेलं. मी घाबरून व्हिडिओ काढला आणि घरी पाठवला. "उद्या घाटात बसली तर?" या ॲडव्हायझरच्या एका वाक्यावर मी पुढचे दोन्ही बलून बदलायला होकार दिला. १ लाख १८ हजार. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा. मी म्हटलं, राहू दे. पैसे वाचवले ना!

दिवा गेला. १९ दिवसांनी जोराचा पाऊस झाला आणि दोन्ही दिवे परत. आता म्हणे बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर गेलाय, ५५ हजार.

मधे लग्नासाठी कोल्हापूरला जाणं झालं. चुलतभावाने उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "पावसातच लागतोय काय दिवा?" चाकामागचं प्लॅस्टिक सोडवून त्यांनी सेन्सर दाखवला. काडेपेटीएवढी डबी, तिला एक छोटा दांडा, दांडा सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला. डबीला पाच व्होल्ट जातात. चाक वर-खाली झालं की दांडा फिरतो आणि परत येणारा व्होल्टेज बदलतो, त्यावरून गाडीला आपली उंची कळते. झेनॉन हेडलाइटचा झोतही याच सेन्सरच्या भरवशावर वर-खाली होतो. म्हणून दिवे दोन. नुसता बलून गळत असता तर हेडलाइटचा दिवा कशाला लागेल? सेन्सरच्या वायरचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, उपसला तर आतल्या पिना हिरव्यागार, एक तर गंजून तुटलेली. नवा कपलर, सोल्डरिंग, स्कॅनरवर उंचीचं कॅलिब्रेशन. सगळे मिळून २२०० रुपये.

मी त्यांना तो बसलेल्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. ते हसले, स्कॅनर हातात घेतला आणि एक बटण दाबलं. फुस्स... उजवा कोपरा खाली! दुसरं बटण दाबलं, कॉम्प्रेसर घुरघुरला, कोपरा वर. बलून बदलण्याआधी हवा सोडायला ही सोय असते म्हणे.

गळती खरी की खोटी, हे घरी टेपने कळतं, तेही त्यांनीच सांगितलं. रात्री सपाट जागी गाडी बंद करायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना मोजायचं, सकाळी परत मोजायचं. एकच कोपरा चांगला दोन-तीन बोटं उतरला तरच बलूनवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायचे. तोवर कोणी काहीही सांगो, खिशाला हात घालू नका. आणि काढलेला पार्ट तिथल्या तिथे ताब्यात घ्या. माझे जुने बलून मागितले तेव्हा "भंगारात गेले" असं उत्तर मिळालं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी आधी बिल मागितलं. माझ्याकडे आहे तो यूपीआयचा स्क्रीनशॉट, तोही ॲडव्हायझरच्या स्वतःच्या खात्याचा. "कामाचे पैसे" एवढंही मी त्यात लिहिलेलं नाही.