वायनरीची सही नसेल तर रोपांचे पैसे देऊ नका

जळगावकडच्या गिरणा नदीकाठच्या काही शेतकऱ्यांचे वाइन द्राक्षात लाखो रुपये गेले. त्यांचे कागद वाचल्यावर कळलं, की त्यांना द्राक्ष घेणारा कुणी भेटलाच नव्हता, भेटला तो रोपं विकणारा. ‘माल आम्ही उचलू’ असं लिहिलेला करार होता, मजकुरात वायनरीचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्याचं, नावही होतं, पण सही फक्त एजंटाची. वायनरीने एजंटाला तसा अधिकार दिलेला नसेल, तर अशा कागदावर ती एक घडही घ्यायला बांधील नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी त्या वायनरीत स्वतः जा आणि करार खरा आहे का ते विचारा.

हा डाव चालतो, कारण द्राक्षाचं पितळ उशिरा उघडं पडतं. जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिजचा खुंट (ज्यावर कलम करतात ते मुळाचं झाड) लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीचं पाचर कलम, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट (वेल परत खाली छाटणं), मग ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि काड्या तयार करून ऑक्टोबरात फळासाठीची पहिली छाटणी. म्हणजे पहिला माल हाती यायला खुंट लावल्यापासून दोन वर्षं जातात. तोवर एजंटाचा मोबाईल बंद झालेला असतो.

रोपांच्या संख्येतही लूट होते. ८ × ४ फुटांवर एकरी १,३६१ झाडं बसतात. दहा टक्के मर धरली तरी १,५०० पुरतात. तरी एकराला २,००० रोपं गळ्यात मारतात.

जातीची खात्री बिलावरून होत नाही. कलमाची काडी ज्या बागेतून येणार ती बाग फळावर असताना बघून या. कॅबरनेट सॉव्हिन्यॉं या वाइनच्या जातीचं पान गडद हिरवं असतं, त्याला पाच पाळ्या असतात आणि त्या एकमेकींवर चढल्याने मधल्या खाचांची गोल भोकं दिसतात. मणी नखाने फोडून बघा. कॅबरनेट, शिराझ, सॉव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां या वाइनच्या सगळ्या जातींच्या मण्यात बी असतं; बी नसेल तर ती जात यांतली नाही. बी, जाड साल आणि बारीक मणी, म्हणून वायनरीने पाठ फिरवली तर हा माल जळगावच्या बाजारात हातगाडीवालाही घेत नाही. २००८ नंतर वाइनची मागणी घटली, तेव्हा नाशिककडच्या शेतकऱ्यांना वाइनच्या बागा तोडाव्या लागल्या होत्या.

खरा खरेदीदार मिळाला तरी डोळे उघडे ठेवा. करारात ब्रिक्सची, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाची, अट असते, बऱ्याचदा २२ ते २४, आणि मोजमाप त्यांच्याच हातात असतं. घडाच्या खांद्याकडचे मणी आधी गोड होतात, शेंड्याकडचे मागे राहतात. मोजणाऱ्याने नुसत्या शेंड्याचे मणी तोडले तर आकडा खाली येणारच. सगळ्या ओळींतून, घडाच्या वरून, मधून, खालून असे शंभरेक मणी घ्या, एकत्र चुरडा आणि त्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्राच्या, काचेवर ठेवा. त्याआधी डिस्टिल्ड वॉटरवर यंत्र शून्य दाखवतं का ते तपासा. साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंश तापमानाला धरून बनवलेला असतो. रस ३० अंशांवर असेल तर तो साधारण पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो. आपल्याकडे मार्चच्या दुपारी फरक याहून मोठा पडतो, आणि तेवढ्यावर दर कापला जातो. मोजणी सकाळीच करा, स्वतःचं यंत्र जवळ ठेवा आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या. ब्रिक्स भरेपर्यंत थांबावं म्हटलं तर आपल्या उन्हात आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि वायनरी त्याही कारणाने माल परत करते. म्हणून आंबटपणाची अटसुद्धा आकड्यात लिहून घ्या.

जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर. क्रेटमध्ये दाबलेल्या मण्यांचा रस वाटेतच आंबायला लागतो. वजन कुठल्या काट्यावर होणार, भाडं कुणाचं आणि वाटेत बिघडलेल्या मालाचं नुकसान कुणाच्या माथी, हे करारात नसेल तर सगळं शेतकऱ्यावर येतं.

रोपं परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. पक्क्या बिलावर जात, खुंट आणि संख्या लिहून घ्या. गिरणेकाठच्या शेतकऱ्यांकडे कच्च्या चिठ्ठ्या होत्या, त्यावर नुसतं ‘द्राक्ष रोपे’ एवढंच लिहिलेलं. जिल्हा ग्राहक आयोगापुढे कुठली जात कबूल केली होती, हे त्यावरून सिद्ध करता येत नाही.