चार फुटी टँकबरोबर येणारं ‘मरीन पॅकेज’: कोणते मासे ठेवायचे, कोणते बदलून मागायचे

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे खाऱ्या पाण्याचा टँक घरी बसवायचा म्हटलं की दुकानदार सुटं काही सांगत नाही, आख्खं पॅकेजच पुढे करतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच, खाली संप (गाळणीची उपकरणं ठेवायची टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), निळा-पांढरा एलईडी दिवा, दोन वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारे पंखे), मिठाची बादली, दगड, वाळू आणि वर ‘आठ-नऊ मासे फ्री’. काच, संप आणि फिटिंगमध्ये खोट काढण्यासारखं फारसं नसतं. माणसं घरी येतात, स्टँड लेव्हलमध्ये बसवतात, पाइप गळतोय का बघून जातात. खोट आहे ती माशांच्या यादीत आणि ते मासे ज्या घाईने सोडले जातात त्या घाईत. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या यादीचा आहे.

यादी साधारण ठरलेली असते. क्लाउनफिशची जोडी (दुकानात सरसकट ‘निमो’), तीन-चार डॅमसेल, एक ब्लू टँग, एक मूरिश आयडल नाहीतर हेनिओकस, एक क्लीनर रास, आणि क्लाउनला ‘घर’ म्हणून एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव). यातली क्लाउनची जोडी ठेवावी, बाकी सगळं बदलून मागावं. हे टोकाचं वाटेल, पण एकेका माशाचा हिशेब मांडला की पटेल.

आधी पाण्याचा हिशेब. या मापाच्या काचेत काठोकाठ भरलं तर सुमारे २५० लिटर पाणी मावतं. दगड-वाळूची जागा आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की हाती २०० लिटर उरतं. दुकानात ब्लू टँग असतो बोटाएवढा, पण पूर्ण वाढीचा हा मासा ३० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकाला पोहत राहतो. त्याला किमान सहा फुटांची लांबी लागते. चार फुटांत तो काचेला घासत येरझाऱ्या घालतो, ताणाखाली येतो, आणि व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी रोग) सगळ्यांत आधी त्याच्याच अंगावर फुटतो. ‘मोठा झाला की आणून द्या, बदलून देतो’ या बोलीवर तो घेऊ नये. दगडांच्या फटीत शिरलेला टँग बाहेर काढायचा तर सगळी रचना उपसावी लागते. पावडर ब्लू टँग रंगाने जास्त देखणा आहे, पण व्हाइट स्पॉटच्या बाबतीत त्याहूनही नाजूक.

डॅमसेलबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांत जास्त टँक तेच बिघडवतात. मासा स्वस्त, काटक, रंग झगझगीत, आणि सायकल (घाण पचवणारे जिवाणू तयार होण्याचा काळ) पूर्ण न झालेल्या पाण्यातही तग धरतो. दुकानदाराला तो आवडतो तो यासाठीच. त्यातला डॉमिनो, म्हणजे काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला, पहिल्या आठवड्यात एक कपार निवडतो. मग तो कपारीच्या तोंडाशी वीतभर उंचीवर उभा राहतो, पंख ताठ करतो, आणि समोरून कुणी गेलं की झेप घेऊन शेपटीला चावा काढून परत जागेवर येतो. दिवसातून हे शेकडो वेळा चालतं. ज्याला चावे बसतात तो मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात उभा राहू लागतो, खायला येत नाही, पंखांच्या कडा फाटतात, आणि पंधरा दिवसांत मरतो. मालकाला वाटतं पाणी बिघडलं. पाणी ठीक असतं. डॉमिनो वाढून १२-१४ सेंटीमीटरचा होतो तेव्हा त्याचा हक्क एका कपारीवरून अर्ध्या टँकवर गेलेला असतो. निळा डॅमसेल आकाराने लहान, पण स्वभाव तोच. डॅमसेल हवाच असेल तर यलोटेल, म्हणजे निळ्या अंगाचा आणि पिवळ्या शेपटीचा, तो एकच, आणि सगळ्या माशांच्या शेवटी सोडायचा.

मूरिश आयडल फोटोत सुंदर दिसतो, पण घरच्या टँकमध्ये बहुतेक वेळा उपाशी मरतो. निसर्गात त्याचा मोठा आहार स्पंजांचा असतो, पेलेट-फ्लेक्सला तो तोंड लावत नाही. हेनिओकस दिसायला त्याच्यासारखा आणि काटक आहे, पण बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकाच नावाने येतात. एक पाण्यातलं प्लँक्टन खाते, दुसरी प्रवाळांचे पॉलिप टोचते. लहानपणी फरक ओळखणं अवघड, आणि मोठेपणी दोन्ही चार फुटांत मावत नाहीत. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी आणि श्लेष्मा खाऊन जगतो. सात-आठ माशांवर त्याचं पोट भरत नाही, तो वाळत जातो. त्याऐवजी क्लीनर श्रिंप मागा. पाठीवर लाल-पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. तो उरलेलं अन्नही खातो.

ॲनिमोनशिवाय क्लाउन राहत नाही हा गैरसमज आहे. ॲनिमोनच्या आसऱ्याशिवाय क्लाउन वर्षानुवर्षं उत्तम राहतो. नव्या टँकमधला ॲनिमोन मात्र जागा शोधत फिरतो आणि वेव्हमेकरच्या जाळीत ओढला जाऊन त्याचा लगदा होतो. तो कुजला की एका रात्रीत अमोनिया चढतो आणि बाकीचे मासेही जातात. सतरंजीसारखा पसरणारा कार्पेट ॲनिमोन तर जवळून जाणारा लहान मासा धरून गिळतो. टँकला वर्ष होईपर्यंत ॲनिमोन नको. काही ठिकाणी यादीत लायनफिश घालतात. तोंडात मावेल ते सगळं त्याचं खाद्य, म्हणजे श्रिंप आणि लहान गोबी पहिल्याच रात्री गेले समजा. त्याचे काटे विषारी आहेत. लहान मुलं हात घालतील अशा घरात तो नकोच.

आता बदली यादी. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे आणि एकच अन्न खाणारे दोन मासे लहान टँकमध्ये भांडतात. म्हणून तळाशी, मधल्या थरात आणि दगडांत राहणारे वेगवेगळे मासे निवडायचे. आणि सगळ्यांत बुजरा आधी, दांडगा शेवटी. पहिल्या खेपेला एक फायरफिश आणि यलो वॉचमन गोबी. गोबीबरोबर पिस्टल श्रिंप मिळाला तर जरूर घ्या. श्रिंप वाळूत बीळ खोदतो, गोबी दाराशी पहारा देतो, आणि श्रिंपची मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. दुसऱ्या खेपेला बांगाई कार्डिनल, एक किंवा जुळलेली जोडी. दोन नर एकत्र आले तर एकच उरतो. तिसऱ्या खेपेला क्लाउनची जोडी, एक मोठा आणि एक लहान, दोन्ही एकाच जातीचे. क्लाउन सगळे आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो. सारख्या आकाराचे दोन मोठे घेतले तर दोघांनाही मादी व्हायचं असतं. तिसरा क्लाउन कधीही घालू नये. मरून क्लाउन ही वेगळी जात, ती ऑसेलारिसच्या, म्हणजे नेहमीच्या ‘निमो’च्या जोडीबरोबर चालत नाही, तो एकटाच टँकवर हक्क सांगतो. काच आणि दगडांवर शेवाळाचा थर धरला, म्हणजे साधारण तीन महिन्यांनंतर, लॉनमोअर ब्लेनी. हा सातवा मासा. इथे थांबायचं. मँडरिन कितीही मोहात पाडला तरी पहिल्या वर्षी नाही. तो दगडांवरचे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) टिपून जगतो आणि नव्या दगडावर ते पुरेसे नसतात.

क्लाउन घेताना टँकमध्येच पैदास झालेला मागा. भारतात सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे. असा मासा पेलेट खाणारा असतो आणि रोगही कमी आणतो.

सेवेतली सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी भरल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी मासे सोडणं. अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट हा क्रम पुरा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तरी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा नाही. तेव्हा पॅकेजचे पैसे देताना बिलावर लिहून घ्या: मासे चार खेपांत घेणार, पहिली खेप सहा आठवड्यांनी, पुढच्या प्रत्येकीत किमान तीन आठवडे अंतर, आणि शेवाळ खाणारा ब्लेनी सर्वांत शेवटी. ‘फ्री’ माशांच्या रकमेची चिठ्ठी मागा. बरेच दुकानदार हे मान्य करतात, फक्त कुणी मागत नाही.

दुकानात तीन गोष्टी बघा. मासा तुमच्यासमोर खायला लावा. जो खात नाही तो घेऊ नका. डोक्यामागे, पोटाच्या वरच्या बाजूला खळगा दिसत असेल तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. आणि कल्ले बघा, जोरजोरात धापा टाकत असेल तर सोडून द्या. शिवाय दुकानातल्या पाण्याची क्षारता विचारा. बरेच विक्रेते परजीवी कमी राहावेत आणि मीठ वाचावं म्हणून स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१८-१.०२० ठेवतात, तुमचा टँक १.०२५ वर असतो. खालून वर एकदम नेलेला मासा एक-दोन दिवसांत जातो, आणि कारण कळत नाही. नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या क्वारंटाइन टँकचं पाणी पिशवीच्या क्षारतेवर ठेवून रोज ०.००१-०.००२ ने चढवा.

मुंबई किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या बसने आलेल्या पिशवीला तासन्‌तास ठिबक लावू नका, म्हणजे टँकचं पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पिशवी बंद ठेवून वीस मिनिटं तापमान जुळवा, क्षारता आधीच जुळवलेली असू द्या, मग मासा उचलून लगेच सोडा. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका.

क्वारंटाइनला ४० लिटरचा, वाळू-दगड नसलेला टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसीचे तुकडे पुरतात. स्पंज आधी महिनाभर संपमध्ये ठेवून जिवाणू धरू द्या. व्हाइट स्पॉटवरचं औषध म्हणून चिलेटेड कॉपर २ ते २.५ पीपीएम, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवून, मग ३० दिवस. मात्रा अंदाजाने नाही, किटवर मोजून. मुख्य टँकमध्ये कॉपर कधीच नाही, श्रिंप आणि प्रवाळ मरतात. मुख्य टँकमध्ये व्हाइट स्पॉट शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस टँक रिकामा ठेवण्याची पद्धत आहे. क्वारंटाइनचा एक महिना त्यापुढे काहीच नाही.

पाण्याबद्दल थोडं. बेळगाव शहरातला नळ राकसकोप आणि हिडकल धरणांचा, बाकी ठिकाणी बोअर. दोन्ही थेट वापरायचं नाही. स्वयंपाकघरातला आरओही पुरत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. मागे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य करा, मग लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट, आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासून घ्या. चोर्ला घाटातून गोव्याहून कॅनने समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्यालगत क्षारता फार उतरते, आणि बंदराजवळच्या पाण्यात डिझेल असतं. मीठच बरं. बाष्पीभवनाची भर मात्र नेहमी गोड्या आरओ पाण्याने, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं.

एप्रिल-मेच्या दुपारी इथला पारा ३५च्या पुढे जातो. संपवर आडवा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण भरही दुप्पट घालावी लागते. वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, म्हणून एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात गल्लीत डासांची फॉगिंग गाडी आली की खिडक्या बंद करा, एअर पंपही थांबवा. त्या धुराने श्रिंप सगळ्यांत आधी मरतात.

पॅकेजमधले ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवाणू धरलेले दगड, कुठून आले ते विचारा. भारतातले दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा सांगाडा घेऊ नका. सिरॅमिक किंवा सिमेंटचे बनवलेले दगड मिळतात आणि सहा महिन्यांत ते तितकेच जिवंत होतात.

डॉमिनो आधीच सोडून झाला असेल तर जाळी घेऊन त्याच्यामागे लागू नका, दगड हलतील आणि बाकीचे मासे घाबरतील. एक लिटरची प्लास्टिक बाटली वरून कापा, तोंडाचा भाग उलटा करून आत बसवा, बाजूला गरम सुईने भोकं पाडा, तळाला स्वच्छ खडा ठेवा. माशांना एक दिवस उपाशी ठेवा. मग बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून ती त्याच्याच कपारीसमोर आडवी ठेवा आणि दिवा चालू असू द्या. डॉमिनो आपल्या जागेत आलेली वस्तू तपासायला इतरांच्या आधी आत शिरतो. बाटलीचं तोंड तळव्याने झाकूनच वर काढा.