कोंबडे गेले कुठे? 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन'चं पुनर्मुद्रण, काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या लंडनच्या चित्रांचं हे पुस्तक घ्यावं की नाही ते पुढे सांगतो. आधी तक्रार, कारण ती डोक्यातून जात नाही. 'रॉयल कॉकपिट'चं चित्र उघडा. कोंबड्यांची झुंज रंगात आली आहे. उंची कोटातले साहेबलोक आणि त्यांना खेटून गल्लीतले टगे, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेत. जो तो मध्यभागी बघतोय. मध्यभागी काय आहे? पुस्तकाचा सांधा. शे-दोनशे माणसं पुस्तकाच्या शिवणीकडे डोळे फाडून बघतायत असं ते चित्र दिसतं.

१८०८ ते १८१०, १०४ चित्रं, रुडॉल्फ ॲकरमन प्रकाशक, इमारती चित्रकार प्युजिनने काढलेल्या आणि माणसं चित्रकार रोलंडसनने, असा हा मूळ ग्रंथ. त्यात एक चित्र म्हणजे एक पान. या पुनर्मुद्रणवाल्यांनी आडवी चित्रं मोठी दिसावीत म्हणून दोन पानांवर पसरली. हेतू चांगला. पण प्युजिन असा भव्य दिवाणखाना उभारून देतो की नजर आपोआप मधोमध जाते, आणि रोलंडसन खरी गंमत बरेचदा तिथेच मांडतो. म्हणजे नेमकं जे बघायचं तेच सांध्याच्या खाचेत.

२,८०० रुपये मोजले होते, त्यामुळे विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'खराब झालेल्या भागाचा फोटो पाठवा.' अहो, तो भाग दिसत नाही हीच तर तक्रार आहे, फोटो कशाचा काढू? तरी पुस्तक ताणून धरून काढला. बदली प्रत आली, ती तशीच. मग 'पानांचा क्रम व पानसंख्या योग्य आढळली' असं कळवून तक्रार बंद. इथवरचा अनुभव लिहिला असता तर एक तारा दिला असता, तोही पुठ्ठा जाड आहे म्हणून.

एप्रिलच्या उन्हात बांधणीचा गोंद तडकला. पानं शिवलेली नव्हतीच, नुसती चिकटवलेली. २,८०० च्या पुस्तकाला शाळेच्या गाइडची बांधणी! चेरिंग क्रॉसच्या खोड्याचं चित्र आधी गळून हातात आलं. लाकडी चौकटीत मान आणि हात अडकवलेले गुन्हेगार, खाली ही गर्दी. ही शिक्षा १८१६ साली बरीच आटोक्यात आणली आणि १८३७ साली बंद केली, पण इथे ती अजून फुकटचा तमाशा आहे. पान सुटं झाल्यावर दिसलं की कडेला बोटभर चित्र आणखी आहे. म्हणजे छापलेलं सगळं होतं, गोंदाने गिळलं होतं.

अप्पा बळवंत चौकातल्या बाइंडरकडे नेलं. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, "साहेब, दोरा घालायला समासच सोडलेला नाही. शिवलं तर परत तेच होणार. सगळी सुटी करू, पेटी करून देतो." ४५० रुपये आणि कापडी कण्याची पेटी. आता दोन पानं टेबलावर शेजारी ठेवली की चित्र पूर्ण होतं. कोंबडे सापडले. अगदी चिमुकले आहेत, पण आहेत. (या झुंजींवर तिकडे १८३५ साली कायद्याने बंदी आली.)

मात्र कोंबड्यांपेक्षा मोठा धक्का न्यूगेट तुरुंगातल्या प्रार्थनागृहाच्या चित्राने दिला. मी ते आधी पाहिलं होतं, 'बरं आहे, प्रवचन चाललंय' म्हणून पुढे गेलो होतो. पानं जुळवली तर मधल्या कठड्यात फाशीची शिक्षा झालेले कैदी बसलेत आणि त्यांच्यामध्ये शवपेटी ठेवलेली आहे. त्यांनी प्रवचन ऐकायचं ते तिच्याकडे बघत. त्या काळी इंग्लंडात दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती, किरकोळ चोऱ्यासुद्धा त्यात येत. ही आकडेवारी वाचलेली होती. ती पेटी बघितल्यावर मात्र तो आकडा पोटात गेला. आणि छापणाऱ्याने ती गोंदात बुडवली होती!

तेव्हापासून भिंग घेऊन बसायची सवय लागली. 'ओल्ड बेली'च्या कोर्टात आरोपीच्या वर आरसा टांगलेला आहे, खिडकीतला उजेड त्याच्या तोंडावर पडावा म्हणून. चेहऱ्यावरचे भाव न्यायाधीश-ज्यूरींना नीट दिसले पाहिजेत! सॉमरसेट हाउसच्या प्रदर्शनात चित्रं जमिनीपासून छतापर्यंत चौकटीला चौकट लावून टांगलेली, आणि बघणाऱ्यांच्या माना दुखणार हे स्पष्ट. ईस्ट इंडिया हाउसच्या लिलावाच्या दालनात व्यापारी पायऱ्या-पायऱ्यांच्या बाकांवर बसलेत. इकडे वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला कंपनीने खिशात घातलेलं, आणि तिकडे हे लोक शांतपणे मालाचा भाव करतायत. पुण्याच्या माणसाला या पानावरून पुढे सरकायला जरा वेळ लागतो.

रंगांवर माझा राग होता, लाल जास्तच भडक वाटतो. पण तिथे कोणाला धरणार? तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने खरवडायचं, त्यावरून छाप घ्यायचा आणि मग कारागिरांनी एकेक छाप हाताने रंगवायचा, असा सगळा मामला. मूळ प्रतींतच एकीचा लाल दुसरीशी जुळत नाही. हा मुद्दा सोडून दिला.

दुसरा मुद्दा सोडत नाही. वेष्टनावर 'लंडनचे दैनंदिन जीवन' असं ठसठशीत छापलंय. दैनंदिन म्हणजे बाजार, कोर्ट, तुरुंग, नाटकगृह, चर्च, अनाथालय, राजवाडा. साध्या माणसाच्या घरात डोकावणारं चित्र एकही नाही. चूल नाही, धुणं नाही. शिवाय सगळं फार नीटनेटकं. ॲकरमन मूळचा घोडागाड्यांचे आराखडे करणारा, ॲडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथसुद्धा त्याचाच, आणि त्याचं गिऱ्हाईक पैसेवालं. ब्राइडवेल तुरुंगाच्या 'पास-रूम'मध्ये निराधार बायका तान्ह्या पोरांना घेऊन पेंढ्यावर पडल्यात. ज्यांचा गाव-परगणा लंडनचा नाही त्यांना पोसायची जबाबदारी लंडनची नाही, म्हणून परत पाठवण्याआधी इथे ठेवायचं. आईला दाखवलं. तिने भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पेंढा मात्र आजच टाकलेला दिसतोय हं." मला जे महिनाभर बोट ठेवून सांगता येत नव्हतं ते हेच.

आता खर्चाचं. ही चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, उतरवूनही घेता येतात, आणि तिथे मध्ये सांधाबिंधा काही नाही. मग ३,२५० रुपये पाण्यात गेले का? महिन्यापूर्वी 'हो' म्हणालो असतो. पण स्क्रीनवर एक कोपरा मोठा केला की बाकीचं लंडन गायब होतं. टेबलावर पान पसरलं की भिंग एका चेहऱ्यावर असतं आणि उरलेली गर्दी डोळ्याच्या कडेला चालूच राहते. बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारातलं भांडण असंच बघायचं.

म्हणून तीन तारे: दोन रोलंडसनला आणि एक बाइंडरला. घ्यायचंच असेल तर जुनी, बांधणी उसवलेली प्रत स्वस्तात मिळते का बघा, ती जास्त उपयोगाची. याच विक्रेत्याने आता यॉर्कशायरच्या कामकरी लोकांच्या चित्रांचं पुस्तक सवलतीत काढलंय. १८१४ चं, त्यात खाणकामगाराच्या मागे वाफेचं इंजिनही आहे. चित्रं एका पानावर आहेत की दोन, एवढंच विचारलंय. उत्तर आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत पैसेही जाणार नाहीत.