चोवीसला पाचानं भाग जात नाही: ऑफसेट प्लेटचे आठ महिने

लाकूड कातायच्या लेथवर चढणारी ऑफसेट प्लेट, म्हणजे लाकूड मध्यापासून बाजूला सरकवून फिरवायची सोय. घेताना मी सगळं तपासलं होतं. थ्रेड माझ्या स्पिंडलला (लेथच्या फिरत्या दांड्याला) बसतो का, पट्टी किती सरकते, काउंटरवेट (तोल साधायचं वजन) सोबत येतं का. मागच्या चकतीवरची भोकं तेवढी मोजायची राहिली. ती २४ आहेत. आणि मला करायचं होतं पंचपाळं.

पाच वाट्या म्हणजे दर ७२ अंशांवर एक. २४ भोकं म्हणजे दर १५ अंशांवर एक. पंधराच्या पाढ्यात ६० आहेत, ७५ आहेत, ७२ नाहीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सहा वाट्या करा ना, मस्त बसतात." केल्या. आईनं हातात घेऊन मोजल्या, "हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता. सहाव्यात काय, उदबत्तीची राख ठेवू?"

६,८०० रुपये दिलेत हो या वस्तूला. ६० भोकं पाडली असती तर दोन, तीन, चार, पाच, सहा सगळंच जमलं असतं. ज्यानं कुणी ही चकती बनवली त्याच्या घरी देवघर नसावं.

आता काम कसं करते ते. लाकडाचा गोल या चकतीवर बसतो, चकती सरकवून मध्यापासून बाजूला न्यायची, पिन काढून फिरवत एकेक वाटी लेथच्या मध्यावर आणायची. माझा गोल १८० मिमी, जाडी ४५, आणि सरक ५५ मिमी. वाटी ५६ मिमीची केली की दोन वाट्यांत साडेआठ मिमीची भिंत उरते. "१२ इंची लेथला चालते" असं खोक्यावर छापलंय, त्यावर जाऊ नका. १२ इंची लेथला मध्यापासून बेडपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी पायापर्यंत, १५२ मिमी जागा. माझा गोल ९० अधिक ५५, म्हणजे १४५ पर्यंत पोचतो. सात मिमीत सुटलो. २०० चा गोल ६० मिमी सरकवला असता तर पहिल्याच फेऱ्याला बेडवर आपटला असता. स्विच दाबण्याआधी हातानं एक फेरा मारायचाच.

वजनाचंही असंच. आंब्याचा हा गोल साधारण पाऊण किलोचा. तो ५५ मिमी बाजूला गेला की समोर १०० मिमीवर ४०० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. सोबत आलेलं २५० चं. उरलेलं मी भंगारातल्या वॉशरांनी भरून काढलं. तरी ५०० आरपीएमच्या वर जात नाही. वेग दुप्पट केला की हिसका चौपट होतो, शिवाय वजन मागे प्लेटवर आणि लाकूड पुढे, त्यामुळे थोडी थरथर राहतेच. गंमत म्हणजे वाटीच्या आत काही जाणवत नाही. तिथं कट सलग असतो, गाउज (कोरायचं हत्यार) लोण्यासारखा चालतो. धोका बाहेर. गोलाची सरकलेली कड फिरताना धुरकट सावलीसारखी दिसते आणि बोटाचं पेर तिच्याकडेच जातं. माझं एकदा गेलं. नख अजून काळं आहे.

तिसऱ्या महिन्यात हे लिहिलं असतं तर एक तारा दिला असता. पट्टी आवळायचे ६ मिमीचे बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात. चौथी वाटी चालू असताना एकाचे आटे गेले, पट्टी दोन मिमी सरकली आणि मधली भिंत फुटून खोलीभर उडाली. वॉरंटी वर्षाची. उत्तर आलं, "तुम्ही जास्त आवळलंय." तीन फोन, दोन फोटो, एक व्हिडिओ. शेवटी त्यांनी पाठवला नवा बोल्ट. आटे प्लेटचे गेले होते, बोल्टचे नव्हे!

मग प्लेट पिशवीत घातली आणि उद्यमनगर गाठलं. तिथल्या एका शेडमधल्या मिस्त्रींनी दोन्हीकडे स्टीलचे बुश (नळीसारखे तुकडे) ठोकून ८ मिमीचे आटे पाडून दिले. चाललो होतो, तेवढ्यात सहज भोकांचं रडगाणं सांगितलं. "हात्तिच्या! एवढंच व्हय?" म्हणत त्यांनी चकती डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे गोलाचे सारखे भाग पाडायच्या यंत्रावर, चढवली. त्या हेडचा हँडल ४० फेरे फिरवला की काम एक फेरा फिरतं. पाच भागांना आठ-आठ फेरे, बाकी शून्य. चहा येईपर्यंत पाच भोकं तयार. सगळे मिळून ३५० रुपये.

त्यानंतर पाच महिने झाले, अकरा पंचपाळी झाली, प्लेट जागची हललेली नाही. पट्टीवरच्या खुणा अचूक आहेत हेही आता मान्य करतो, आधी रागात दिसलं नव्हतं. १८ मिमीच्या प्लायची घरगुती प्लेट स्वस्तात होते, मीही एक केलीय, पण एकदा सरक बदलायची म्हटली की तिथं नवी भोकं पाडत बसावं लागतं. एकाच मापाचं काम असेल तर प्लायच करा, पैसे वाचवा.

लाकडाबद्दल एवढंच की आंब्याची रंध्रं मोठी, हळद त्यात जाऊन बसते ती निघत नाही. आता शिवण वापरतो. हलकं असल्यानं वॉशरही कमी लागतात.

पहिलं पाच वाट्यांचं पंचपाळं आईकडे आहे. परवा बघितलं तर अक्षतांच्या वाटीत सेफ्टी पिना होत्या.